वसुली

चेंडू फेकला की ती धावते, त्यात शिकवायचं काही नव्हतं.
परत येते, हेही महिन्याभरात जमलं.
अडतं ते शेवटच्या दोन हातांवर.
तेवढं अंतर राखून ती थांबते,
पुढचे पाय रोवून, ढुंगण हवेत,
जबड्यात हिरवा चेंडू
आणि डोळ्यांत मला चांगला ठाऊक असलेला भाव:
देणारच आहे, साहेब. कुठं पळून जातोय?
फक्त आज नाही.

एकवीस वर्षं पतपेढीच्या वसुलीत काढली.
तुर्भे, पावणे, महापे, रबाळे,
अर्ध्या उघडलेल्या दारातून बोलणारी माणसं.
ओढलं की पकड घट्ट होते
हे मला तरी कळायला हवं होतं.

पण पहिला आठवडा मी ओढलंच.
तिला वाटलं, खेळ तो हाच.
गुरगुरत, शेपूट हलवत तिनं मला
कोपरखैरण्याचं अख्खं मैदान फिरवलं,
विजेच्या मनोऱ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत,
आणि क्रिकेटवाली पोरं बॅट टेकवून बघत राहिली.

शेवटी वॉचमन घरत म्हणाला,
मागू नका. पाठ फिरवा आन् चालू लागा.
चाललो.
बारा पावलं मोजली. तेराव्याला
पोटरीला ओलं नाक लागलं.

मग खिशात दुसरा चेंडू.
हा दिसला की तो सुटतो,
आणि सुटतो त्याच क्षणी म्हणायचं, दे.
आधी म्हटलं तर ती विनवणी,
नंतर म्हटलं तर नुसती तक्रार.
दिवसाला वीस वेळा.
लाळ, माती, गवताची काडी, दे.
घरी उज्ज्वला प्रत्येक पॅंटचा खिसा
उलटा करून धुते, बोलत काही नाही.

हिला मी चिमी म्हणतो.
तो काय हाक मारायचा, माहीत नाही.

तो म्हणजे चिंतामण मढवी, घणसोली,
एक छोटा हत्ती, आठ हप्ते थकलेले.
पहाटे गाडी उचलली तेव्हा ही मागं
गोणपाटावर झोपली होती.
आमचा ड्रायव्हर ओरडला, साहेब, कुत्रं आहे.
मी म्हटलं, चल, सिग्नलला उतरेल.
दोन सिग्नल लाल लागले. उतरली नाही.
यार्डात टेम्पो अकरा दिवस,
ही अकरा दिवस हौद्यात.
पंचनाम्यात मी लिहिलं:
स्टेपनी एक, ताडपत्री एक, जॅक नाही.
कुत्रीसाठी रकाना नव्हता.
लिलावात टेम्पो भिवंडीला गेला
आणि ही माझ्या स्कूटरच्या पायाशी.

एकदा गेलो होतो घणसोलीला. खरंच गेलो होतो.
खोलीला कुलूप. शेजारीण मासे साफ करता करता म्हणाली,
बहिणीकडं गेला पेणला, येईल नाहीतर नाही.
मी येऊन गेल्याचं सांगा, असं काही
मी तिला म्हटलं नाही.
नंबर अजून आहे मोबाइलमध्ये,
'मढवी थकबाकी' या नावानं.

आज सकाळी वारा खाडीकडून होता.
दुसरा चेंडू घरीच राहिलेला.
ती आली, दोन हातांवर थांबली नाही,
बसली,
आणि मी 'दे' म्हणायच्या आधीच
चेंडू माझ्या तळव्यावर ठेवला.
गरम होता. जड वाटला, ओल्यामुळं असेल.

शाबासकी द्यायची राहिली.
मी बाकावर बसलो, मूठ मिटून,
दुसऱ्या हातानं नंबर लावला.
रिंग जातेय.
ती आधी मुठीकडं बघत राहिली,
मग एकदा भुंकली,
मग माझ्याकडं पाठ फिरवून
टाकीच्या दिशेनं चालू लागली, सावकाश,
वळून न बघता.

सात. आठ.
पलीकडं कुणीतरी फोन उचललाय,
हॅलो म्हणतंय.